गाडी आखडते, गाडी घुमते

दिवाळी तोंडावर आली की आमच्या टपालाचा नूर पालटतो. एरवी वाचक विचारतात ते तेल किती खाते, बॅटरी का उतरते, असले रोजच्या संसारातले प्रश्न. दिवाळीआधीचा महिना मात्र एकाच प्रश्नाचा असतो : ‘गाडी घाट चढेल ना?’ ठाणे-कल्याणकडच्या पुष्कळ माणसांना गावी जायचे म्हणजे कसारा किंवा माळशेज चढावाच लागतो. तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

यंदाच्या टपालातले एक पत्र डोंबिवलीहून आले आहे. लिहिणारे गृहस्थ नोकरदार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शहापूरकडच्या एका शेतकऱ्याकडून चारही चाकांना जोर मिळणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची, जीपच्या घराण्यातली जुनी गाडी हौसेने घेतली. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर रीतसर पुढच्या पाच वर्षांची नोंदणीही करून घेतली. आता तिची दोन दुखणी आहेत. एक, सोसायटीच्या फाटकातून आत वळताना गाडी आखडते. मागून कोणी धरून ठेवल्यासारखी अडते, टायर फरफटतात आणि मग एक धक्का देऊन सुटते. दुसरे, ताशी ४५-५० च्या वर गेले की खालून घुं घुं असा आवाज येतो. पत्रात ओघाने एक वाक्य असेही आहे की, शीळफाट्याकडे जाताना रस्त्याला लांब डावे वळण आले की हा आवाज वाढतो.

गॅरेजवाल्याने गाडी एकवार फिरवून आणली आणि निदान सांगितले : ट्रान्स्फर केस गेली, दुसरी बसवा. तिला पडणाऱ्या पैशांत धाकट्या मुलीच्या शाळेची वर्षाची फी भागेल, असे गृहस्थ लिहितात. भाऊबीजेला वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुली यांना घेऊन माळशेजमार्गे जुन्नरकडे जायचे आहे. ‘बदलून टाकू का?’ एवढाच त्यांचा सवाल.

आमचे उत्तर : तूर्त नाही. का नाही, ते मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण असल्या जुन्या गाड्या बाळगणारे आमचे पुष्कळ वाचक आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ही दोन दुखणी आहेत, एक नव्हे. डोके दुखते आणि पायही दुखतो म्हणून वैद्य दोन्हींना एकच मात्रा देत नाही. आखडणे वेगळे तपासावे, आवाज वेगळा तपासावा. दोन्हींचे मूळ एकच निघाले तर उत्तम. पण तसे धरून चालू नये.

आधी आखडण्याकडे वळू. खळ्यावर मळणी चालते तेव्हा तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी घुटमळतो, तर बाहेरच्या बैलाला चांगलीच चाल करावी लागते. मोटार वळते तेव्हा चाकांचेही असेच होते. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त वाट तुडवावी लागते. म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दात्यांची युक्ती बसवलेली असते. ती दोन्ही चाकांना जोर देते आणि ज्याला जास्त फिरायचे त्याला फिरूही देते.

पण वळताना पुढची चाके आणि मागची चाके यांची वाटही सारखी नसते. पुढची चाके मोठा घेर घेतात, मागची लहान. हिशेब करून पाहा. पुढच्या-मागच्या आसांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी मागच्या आसाच्या मध्यापाशी ५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेत असेल, तर तो मध्य एका वळशात ३१.४ मीटर चालतो आणि पुढच्या आसाचा मध्य ३४.८ मीटर. फरक ३.४ मीटरांचा. टायरचा परीघ सव्वादोन मीटर धरला, तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सुमारे दीड फेरा जास्त फिरायला हवे.

साध्या गाडीत याची फिकीर नसते, कारण पुढची चाके मोकळी असतात. जीपच्या जातीच्या गाडीत मात्र फोर-व्हीलचा दांडा टाकला की ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरपेटीमागची ती दुसरी पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जखडून टाकते. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. हा दीड फेरा जाणार कोठे? चिखलात, रेतीत, ओल्या गवतात टायर जरासा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर टायर घसरायला तयार नसतो. मग शाफ्ट, दाते, आस यांना पीळ बसत जातो. आणि तो असह्य झाला की टायर फरफटून धक्का देत सुटतो.

हा यंत्राचा रोग नव्हे, स्वभाव आहे. विलीजची जीप १९४१ साली युद्धासाठी घडली. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी युद्ध संपेतो सहा लाखांहून अधिक जीपगाड्या केल्या, त्या चिखलातून तोफा ओढण्यासाठी. सोसायटीच्या फाटकातून वळवण्यासाठी नव्हे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि तिचा वंश आपल्याकडे वाढला. पुढे १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी, २०१० साली आलेली थार, या गाड्याही याच रीतीच्या : फोर-व्हील लागेल तेव्हा लावावी, काम झाले की काढावी. मध्येही डिफरन्शियल असलेल्या आणि चारही चाकांवर सदैव चालणाऱ्या गाड्या निराळ्या. १९७० सालची रेंज रोव्हर तशी होती. आपली गाडी कोणत्या जातीची, हे तिच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

आता डोंबिवलीकरांच्या पत्रातला एक धागा सांगतो. गाडी विकणाऱ्याने त्यांना बजावले होते, ‘फोर-व्हील लावूनच ठेवा, गाडी रस्ता पकडून चालते.’ हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. शेताच्या बांधावर तो खरा. डोंबिवलीच्या सिमेंटी रस्त्यावर तोच घातक. घाटात तर दुप्पट. चारही चाकांच्या जोराने गाडी चिखलातून लवकर निघते, पण ब्रेक मारल्यावर लवकर थांबत नाही. उलट अवघड वळणावर पुढची चाके वळायला कां कू करतात.

तेव्हा पहिली तपासणी अशी. मोकळे मैदान गाठावे, पण खाली जमीन टणक हवी. दांडा दोन चाकांवर आणावा, स्टिअरिंग पुरते वळवून चालण्याच्या गतीने एक वर्तुळ घ्यावे. गाडी लोण्यासारखी फिरली तर ट्रान्स्फर केसवर निदान या बाबतीत तरी आळ नाही. दोन चाकांवर असूनही ती आखडली, तर मात्र शोध पुढे न्यावा.

कधी दांडा मागे येतो पण आतला काटा सुटत नाही. पीळ बसलेला असताना तो सुटत नाहीच. जोराने ओढण्यापेक्षा गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी, पीळ उतरतो आणि दांडा अलगद सुटतो. तरी शंका असेल तर पुढच्या चाकांच्या मध्यावरची हबची चकती ‘लॉक’वर ठेवावी, मागच्या चाकांना उटी लावावी, दांडा दोन चाकांवर ठेवून पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. फिरले तर पेटी सुटलेली आहे. फिरलेच नाही, आणि त्या चाकाचा ब्रेकही धरलेला नाही, तर पेटी अजून जखडलेली आहे. दोष दांड्याच्या जोडणीत किंवा आतल्या काट्यात शोधावा. नव्या धर्तीच्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण आणि विजेची मोटर असते. तेथे आधी मोटर, तिची तार आणि तिचा जोड पाहावा. नुसती तार गंजल्यामुळे अख्खी पेटी बदलणे म्हणजे फ्यूज गेला म्हणून घराची वायरिंग उखडणे.

फोर-व्हील लावून सरळ रस्त्यावरही गाडी ओढल्यासारखी वाटत असेल, तर टायर मोजावेत. याला खडू आणि टेप पुरतो. चारही टायरांत सारखी हवा भरावी. टायरवर जमिनीला टेकते तेथे खडूची रेघ ओढावी, तीच रेघ फरशीवर काढावी, आणि गाडी हाताने ढकलून टायरचा एक पुरा फेरा होऊ द्यावा. दोन रेघांमधले अंतर म्हणजे परीघ. चारही चाकांचे आकडे लिहून काढा. पुढच्या आणि मागच्या जोडीत दोन सेंटीमीटरांहून अधिक तफावत असेल तर कान टवकारावेत. दोन सेंटीमीटर म्हणजे शेकडा एक. शेकडा एक म्हणजे किलोमीटरला १० मीटरांचा फरक, आणि तेवढे अंतर टायर फरफटत जाणार किंवा पेटी सोसत राहणार. काटकसर म्हणून दोनच नवे टायर घेणाऱ्यांच्या गाडीत हे हटकून आढळते.

आता आवाजाकडे. आवाजाचे निदान कानाने कमी आणि प्रश्नांनी जास्त होते. तो केव्हा येतो, केव्हा जातो, केव्हा बदलतो, हे वहीत टिपून घ्यावे. शेजारी दुसरा माणूस बसवावा. एकाने हाकावी, दुसऱ्याने ऐकावे व लिहावे.

पहिला प्रश्न : आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की चाकांच्या? गाडी उभी करून, गिअर काढून, इंजिन चढवून पाहा. उभ्या गाडीत आवाज आला तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरपेटीच्या पुढच्या भागातला. न आला आणि गाडीच्या वेगाबरोबरच चढला-उतरला, तर तो ट्रान्स्फर केसपासून चाकांपर्यंतच्या मुलखातला.

दुसरा प्रश्न : रस्ता बदलला की आवाज बदलतो का? चिखलाचे जाड दात्यांचे टायर सिमेंटवर एका सुरात गरजतात आणि डांबरावर दुसऱ्या. आपल्याकडे डांबर संपून सिमेंट सुरू होते अशा जागा हव्या तेवढ्या आहेत. तेथे सूर पालटला तर दोष यंत्रात नसून टायरांत आहे, आणि तो दोषही नव्हे.

तिसरा प्रश्न : पाय दाबला आणि उचलला तर काय होते? पाय दाबल्यावर कण्हते आणि उचलल्यावर गप्प होते, किंवा याच्या उलट होते, तर क्राऊन आणि पिनियन, म्हणजे मागच्या गोळ्यातले मोठे-लहान दाते, यांची बैठक बिघडली असावी. कारण जोर देताना दात्याची एक बाजू घासते आणि जोर काढल्यावर दुसरी.

चौथा प्रश्न : गाडी सुटताना किंवा मागे-पुढे घेताना ‘टक्’ असा आवाज येतो का? मग शाफ्टच्या टोकांचे क्रॉस पाहावेत. शाफ्ट हाताने धरून पिळावा. खेळ लागतो का बघावे. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपून बेअरिंग वाळले आहे असे खुशाल समजावे. येथे आणखी एक मेख आहे. तिरका चाललेला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती उणीव भरून काढतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत हवेत. शाफ्ट उघडून पुन्हा बसवताना सरकत्या जोडाच्या खुणा जुळवल्या नाहीत, तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते.

पाचवा प्रश्न : आवाज दोन चाकांवर, चार चाकांवर आणि लो गिअरवर वेगवेगळा येतो का? ट्रान्स्फर केसचा खरा कस येथे लागतो, आणि तो कस मऊ मातीवर घ्यावा. मात्र जुन्या विलीज घडणीच्या पेटीत जोर नेहमीच मधल्या दात्यातून फिरून मागे जातो, त्यामुळे तिची थोडी गुणगुण जन्मजात असते. काल नव्हती आणि आज आली, तर ती चिंतेची.

सहावा प्रश्न, आणि डोंबिवलीकरांचे उत्तर यातच आहे : वळणावर आवाज बदलतो का? गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर झुकतो. उजव्या चाकाचे बेअरिंग झिजलेले असेल तर त्या भाराखाली ते जास्त घुमते. उजव्या वळणावर भार निघतो आणि आवाज दबतो. ट्रान्स्फर केस गाडीच्या पोटात बसलेली असते. डावे वळण काय आणि उजवे काय, तिला दोन्ही सारखीच. म्हणून पत्रातल्या त्या ओघाने आलेल्या वाक्याला आम्ही गॅरेजवाल्याच्या निदानापेक्षा जास्त मानतो. संशय उजव्या बाजूच्या चाकावर आहे. मागच्या आधी, पुढच्या नंतर.

याची खातरजमा घरच्या घरी होते, पण जपून. गाडी सपाट जागी उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी, दांडा दोन चाकांवर, गिअर मोकळा. चाक जॅकने उचलले की आसाखाली भक्कम घोडी लावावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. टायर वर-खाली धरून हलवावा. खेळ लागला तर बेअरिंग सैल. मग एक हात पाट्यांच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावे. हाताला वाळू भरडल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेले.

दोन धोके येथेच सांगून ठेवतो. जुन्या विलीज घडणीच्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट उतरवला की हा हातब्रेक ओढून उपयोग शून्य. एक मागचे चाक उचलले तरी तीच गत. उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे गाडीला घेऊन जाते. आणि दुसरा : फोर-व्हील लावून, एखादे चाक उचलून, इंजिन चालू करून गिअर कधीही टाकू नये. उरलेली चाके जमिनीवर आहेत. गाडी जॅकवरून उडी मारते.

शेवटी तेलाचे. पेटी उघडण्याआधी तेल बघावे, यापेक्षा स्वस्त तपासणी नाही. आधी तेल भरण्याचे बूच सुटते का पाहावे, मगच काढण्याचे बूच सोडावे. नाहीतर तेल गेले आणि भरायचे बूच गंजून बसले, अशी फजिती होते. तेल चहासारखे दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पावसाळ्यात उल्हास-काळूच्या पुरातून काढलेल्या गाड्यांत हे नेहमी सापडते. तापलेला आस गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी तुंबलेली असेल तर पाणी सीलमधून आत ओढले जाते. बुचाच्या चुंबकाला मऊ काळा लेप लागला असेल तर तो वयाचा. चकचकीत कपचे निघाले तर दाते किंवा बेअरिंग फुटत आहे. आणि तेल पुस्तकात सांगितलेल्याच जातीचे घालावे. दात्यांच्या जुन्या पेटीला लागणारे जाड तेल आणि साखळीवर चालणाऱ्या कित्येक नव्या पेट्यांना लागणारे पातळ तेल, यांची अदलाबदल करू नये.

आता डोंबिवलीकरांना थेट सांगतो. फोर-व्हीलचा दांडा काढा, हब मोकळी करा आणि फाटकातून वळून पाहा. गाडी आखडली नाही, तर ते दुखणे फुकटात बरे झाले. मग उजवे मागचे चाक उचलून बेअरिंग तपासा, नंतर उजवे पुढचे. टायर मोजा, तेल बघा. हे सारे एका रविवारचे काम आहे, आणि त्यानंतरही पेटीवर बोट राहिले तर पेटी जरूर उघडा. तेव्हा पैसा सत्कारणी लागेल.

पण ध्यानात घ्या, आम्हाला खरी धास्ती पैशांची नाही. उद्या तुम्ही फीचे पैसे मोडून पेटी बदलली असती, सोसायटीत पेढे वाटले असते आणि त्याच झिजलेल्या बेअरिंगवर आई आणि मुलींना घेऊन माळशेजच्या वळणांवर गेला असता. चुकीचे निदान खिसा कापते ते कापतेच. वर मूळ दुखणे झाकून ठेवते. घुमणारे बेअरिंग आधी नुसते घुमते, मग तापते, सैल होते, आणि शेवटी चाकाला दगा देते. ते डोंबिवलीच्या गल्लीत होईल की दरीच्या कडेला, हे त्याला विचारून होत नाही.

तेव्हा बेअरिंग बदलल्याशिवाय घाटाचे नाव नको. वेळेत जमले नाही, तर कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एस.टी. आहे. ओवाळणाऱ्या बहिणीला भाऊ कशातून आला याचे काही नसते. तो आला, याचे असते.